वाळवीनं लावलेला क्रम

‘कन्ये, मेलेली आई परत येत नसते. आधी पुस्तक वाचावे, मग लिहावे.’

दोनच वाक्यं. एका पायात बूट, दुसरा पाय नुसत्या मोज्यावर, पाठीला दप्तर आणि दातात वेणीचं रबर, अशा अवतारात तिनं ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून वाचली, आणि दुसरा बूट हातातच राहिला. वरून आई ओरडत होती, “गेलीस का तिथंच अंडी उबवत बसलीयस?” पण ती कुठली जातेय. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव ‘निवृत्त मास्तर’ असं ठेवलं होतं, फोटोत माणूस नव्हताच, फक्त काचेच्या कपाटातल्या पुस्तकांची रांग होती, शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखी उंचीनुसार उभी केलेली. काल संध्याकाळी तिनं वर्षभराची यादी टाकली होती. एक्कावन्न पुस्तकं, त्यांतली दहा सगळ्यांत लाडकी, आणि त्या दहांत पहिलं निळं पुस्तक, सोबत त्याच्यावरची तिची जुनी पोस्ट, मेलेली आई परत येते ती. रात्रीतून मास्तर येऊन गेले होते आणि त्यांच्या मागून, साखर सांडावी नि मुंग्या याव्यात तशी, बाकीची मंडळी. ‘मला आधीच शंका होती, ही पोरगी नुसती मुखपृष्ठं दाखवते.’ ‘हल्लीच्या मुलांना लाइक हवेत, वाचायला नको.’ ‘मास्तर, धन्यवाद, कोणीतरी बोलायला हवंच होतं.’ मधेच एक बिचारी बाई: ‘अहो पण मीपण वाचलंय, आई येते की परत!’ आणि तिला लगेच कोणीतरी: ‘मग तुम्हीपण वाचलेलं नाही.’ हे वाचून तिला हसू फुटलं. पण ती मुखपृष्ठं दाखवून पळणाऱ्यांतली नव्हती. निळं पुस्तक तिनं वाचलं होतं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत, उभ्यानं, एका हातात टोस्ट धरून वाचलं होतं. आई परत येते. दाराशी उभी राहते आणि म्हणते, ये, केस विंचरून देते. ही ओळ तिला तोंडपाठ होती. तोंडपाठ ओळ खोटी कशी असेल?

तिला सगळे वाळवी म्हणत. हे नाव बाबांनी ठेवलेलं, ती पाच वर्षांची असताना एका शब्दकोशाचा कोपरा चघळताना सापडली तेव्हा. बाबा शहराच्या मोठ्या ग्रंथालयात बाइंडर. तळघरात त्यांची खोली, तिथं एक लोखंडी दाबयंत्र, एक लांब टेबल, खळीचं पातेलं आणि भिंतीला कापडाचे गुंडाळे. बत्तीस वर्षं हा माणूस फाटलेली पुस्तकं उसवतो, शिवतो आणि पुन्हा वर पाठवतो, आणि जगात त्याचा एकच शत्रू, वाळवी. तोच शत्रू घरात जन्माला आला म्हणून तो ज्याला त्याला सांगत सुटला. वर्षापूर्वी तिनं पुस्तकांबद्दल लिहायला पान उघडलं तेव्हा नाव शोधायला लागलंच नाही. पहिल्या आठवड्यात वाचक नऊ, त्यांतली तीन चुलत भावंडं, एक आई, आणि एक चष्म्याचं दुकान, कारण आई त्या दुकानात काचा घासते आणि दुकानाचा फोन तिच्याच हातात असतो. आज तेवीसशे. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसून, बाईंनी प्रश्न विचारला की पेन शोधायला वाकणारी मुलगी वर्षभरात तेवीसशे माणसांना ‘हे वाचा, नाही आवडलं तर माझ्याशी भांडा’ असं सांगायला लागली होती. आणि लोक भांडतही होते, मजा येत होती. तिला स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो या पानावर. तो जरा चिरका निघाला, पण होता तिचाच. आणि आता कपाटातल्या रांगेनं येऊन त्याला एका ‘कन्ये’त गुंडाळून बाजूला ठेवलं होतं. कन्ये म्हणे! तिला बाबा वाळवी म्हणत, आई गधडे म्हणे, मैत्रीण ए बाई म्हणे, आणि आत्या, जी आता नाही, ती म्हणे ‘जंगल’. कन्ये कोणी म्हटलेलं नव्हतं. ते डोक्यावर हात ठेवून खाली दाबल्यासारखं वाटत होतं.

शाळेत मैत्रिणीनं, जिला नाकाच्या शेंड्यावर राग असतो म्हणून सगळे मिरची म्हणतात, मधल्या सुट्टीत पहिलाच सल्ला दिला तो नेमका भित्र्यासारखा. “काढून टाक ना ती पोस्ट. एक पुस्तक गेलं तर काय, पन्नास उरतात.” “मी वाचलंय ते.” “अगं हो, पण त्याच्याकडं ते पुस्तक चाळीस वर्षं आहे, त्यानं पानाचा फोटो टाकलाय आत्ताच. बघ.” मिरचीनं फोन पुढं केला. मास्तरांनी खरंच फोटो टाकला होता, पानावर पेन्सिलनं बारीक रेघ मारलेली, आणि त्या रेघेवरची ओळ तिच्या ओळखीची होती, नि नव्हती. ‘खोलीत कोणीच नव्हतं, आणि दाराशी तिचेच दोन बूट होते.’ तिनं ती पुन्हा वाचली. खोलीत कोणीच नव्हतं, आणि दाराशी. इथपर्यंत बरोबर. पण पुढं बूट? बूट कुठून आले? तिच्या पुस्तकात खोलीत कोणीच नव्हतं, आणि दाराशी उभी राहून आई म्हणाली, ये, केस विंचरून देते. तिनं डोळे मिटले तर तिला तो कागदसुद्धा दिसत होता, तपकिरी डागाचा, ओलसर वासाचा. मग पुढच्या तासाला भाषेच्या बाईंनी तिला बाहेर बोलावलं, पॅसेजमध्ये, खिडकीशी. शनिवारी सगळ्या शाळेपुढं ‘माझं वाचनाचं वर्ष’ यावर तिनं बोलायचं ठरलं होतं, आणि तिला उभं करायला बाईंनीच मुख्याध्यापकांचे कान खाल्ले होते. “हे बघ, तू वाचलं नाहीस असं मी म्हणत नाही. पण चाळीस जणांनी मला ते पाठवलंय सकाळपासून. पोस्ट काढ, दोन ओळींत चूक मान्य कर, विषय संपला. नाहीतर शनिवारी मला दुसऱ्या कुणाला तरी उभं करावं लागेल. लोक म्हणतील, शाळाच खोट्याला डोक्यावर घेते.” “पण बाई, मी वाचलंय.” “मग आई परत येते का?” बाईंनी हे रागानं नाही, खरंच कुतूहलानं विचारलं.

घरी जाताना ती एक बस सोडून चालत निघाली. चालताना विचार नीट येतात असं आत्या म्हणे. आत्या स्वतः कायम चालत जाई, दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीपर्यंत नि परत. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, लग्न न केलेली, त्यांच्याच घरात राहणारी, आणि दिवसभर खिडकीच्या अलीकडं बसून लोकांची नावं, वयं, दुखणी लिहून घेऊन आली की संध्याकाळी मोठ्यानं पुस्तक वाचणारी. वाचता वाचता तिचे हात वाळवीच्या केसांत. फणी अशी ओढायची की डोळ्यांत पाणी. “डोकं आहे की जंगल? यात एखादा वाघ राहत असेल, मी नाही जबाबदार.” दोन वर्षांपूर्वी ती गेली. साधी गेली, त्याच दवाखान्यात, जिथं सगळे तिला ओळखत होते आणि तरी कुणालातरी तिचंच नाव, वय, दुखणं लिहून घ्यावं लागलं. त्यानंतर घरात शहाण्यासारखं कोणीच तिच्याबद्दल बोललं नाही. पण सकाळी आरशासमोर फणी हातात घेतली की ती मागं येऊन उभी राहायची. भूत बित नाही, तसलं काही नाही. नुसती यायची. आज आली, मग आठ दिवस नाही, मग गणिताच्या पेपरला मधेच आली. मरण्याआधीची आत्या मेल्यानंतर यायची, वयानं कधी तरुण, कधी खोकणारी, काही क्रम नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. काय सांगणार? आणि मग गेल्या वर्षी ते निळं पुस्तक हातात आलं, आणि त्यात कोणीतरी हे लिहूनच ठेवलेलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणारी एक मुलगी, घरी आईशी भांडून आलेली. तिला आई गेल्याचा फोन येतो. पुढं चाळीस पानं आई नसते. आणि मग येते. लेखक अवाक्षर बोलत नाही. वाळवीनं त्या दिवशी लिहिलं होतं: ‘लेखक काही समजावत नाही. कशाला समजावेल? ज्यांच्या घरातलं कोणी गेलंय त्यांना माहीत आहे, असंच होतं. मधेमधे वाक्यंपण तुटतात, आमच्या घरात तुटतात तशी.’ वर्षभरात सगळ्यांत जास्त लोकांनी पुढं पाठवलं ते हेच. माणसं खाली लिहीत राहिली, माझा भाऊ, माझी आजी, माझा नवरा. सत्तावीस जणांनी ग्रंथालयात जाऊन ते पुस्तक नेलं, बाबांनी काउंटरवर विचारून आकडा आणला होता आणि जेवताना तो तीनदा सांगितला होता.

ग्रंथालयात जाऊन. ती रस्त्याच्या मधोमध थांबली, मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवून तिच्या सगळ्या पिढ्या उद्धरल्या, तरी ती थांबलीच. ‘आई येते की परत’ म्हणणारी ती बिचारी बाई. तिनं फोन काढून त्या बाईंना तिथल्या तिथं विचारलं: तुम्ही पुस्तक कुठून घेतलं होतं? उत्तर मिनिटात आलं. ‘मोठ्या ग्रंथालयातून, तुझंच वाचून. का गं?’ आणखी तिघांना विचारलं. तिघेही ग्रंथालय. म्हणजे ज्यांनी ज्यांनी ग्रंथालयातलं निळं पुस्तक वाचलं त्यांची आई परत येत होती, आणि ज्यांच्या कपाटात स्वतःचं होतं त्यांच्या दाराशी नुसते बूट. आणि ग्रंथालयात ते पुस्तक एकच होतं, आणि ते बाबांनी शिवलेलं होतं. इथं तिनं फोन खिशात टाकला. कारण मग तिला तो दिवस आठवला, नको तेवढा स्वच्छ आठवला. तळघरातला नळ फुटला होता, दोनशे पुस्तकं भिजली, आणि बाबांनी ती थोडी थोडी करून घरी आणली होती. बैठकीच्या खोलीत दोऱ्या बांधून त्यांवर कागद वाळत घातलेले, पुस्तकं पार उसवून फर्मे सुटे केलेले. फर्मा म्हणजे सोळा पानांची एकत्र घडी, असे चौदा फर्मे एकावर एक शिवले की निळं पुस्तक. खालच्या कडा कुजल्या होत्या म्हणून बाबांनी त्या कापून टाकलेल्या, आणि पानांचे नंबर त्या कडांबरोबर गेलेले. ती टोस्ट खात पहिला फर्मा उचलून वाचत होती. मग खिडकी उघडी राहिली, वारा आला आणि सगळे फर्मे खाली. तिनं गोळा केले. लावले. उरलेले त्याच क्रमानं वाचून काढले, आणि बाबांनी दारातून विचारलं, “क्रम बघितलास का?” आणि तिनं म्हटलं, “लावलंय सगळं.”

तिला माहीत होतं का? हा प्रश्न तिच्याबरोबर जिना चढला, तिच्याबरोबर जेवायला बसला. आईनं ताटाकडं बघून म्हटलं, “एक मास्तर काय बोलला तर घास उतरेना? माझ्या दुकानात रोज माणसं येतात, डोळे यांचे खराब आणि म्हणे काच वाईट. मी ऐकून घेते का? मार ते डिलीट नि जेव.” आईला डिलीट मारणं म्हणजे काच पुसण्याइतकं सोपं वाटे. बाबांच्या बोटांच्या चिरांत खळ वाळलेली होती, आणि ते ती अंगठ्यानं खरवडत होते. आणि ती बघत राहिली त्या बोटांकडं, जी एक फर्मा चुकवत नाहीत असं अख्खं ग्रंथालय म्हणतं. फर्मे लावायची बाबांची एक रीत होती, आणि ती रीत म्हणजे खरं तर दोघांची होती. शिवण्याआधी ते आणि दवाखान्यातून येताना तळघरात उतरणारी आत्या समोरासमोर बसत. ते एका फर्म्याचा शेवटचा शब्द मोठ्यानं म्हणत, आत्या पुढच्याचा पहिला, आणि दोन्ही जुळले की आत्या टेबलावर टिचकी मारी. जुळले नाहीत तर दोघंही हसून लोळत. ‘मंत्रीमहोदय’ आणि पुढं ‘शेपटी हलवत आले’ असलं काहीतरी. आत्या गेल्यावर बाबा एकटेच दोन्ही शब्द म्हणत, पुटपुटत, टिचकी नाही. आणि त्या दिवशी तेही म्हणाले नाहीत, कारण तिनं सांगितलं होतं, लावलंय. त्यांनी विश्वास ठेवला असं नव्हे, त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. हे तिनं तेव्हाही पाहिलं होतं. आणि तिला माहीत होतं का? दोन ठिकाणी वाक्य भलतंच तुटत होतं, ‘ती धावली नाही, तिचेच दोन बूट होते’, याला काय अर्थ? म्हणजे बूट होते तर. बूट तिच्याही पुस्तकात होते, फक्त अनाथ होऊन भलत्या पानावर पडलेले, आणि तिनं त्यांना शैली म्हणून टाकलं होतं! पण एका ठिकाणी वाक्य असं जुळलं होतं, असं जुळलं होतं की तिनं पुढंमागं पाहिलंच नाही. आणि दाराशी, उभी राहून आई म्हणाली. माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे माहीत होतं. एवढं तरी ती स्वतःशी खरं बोलली.

मग तिला दिसलं की फास कसा बसलाय. गप्प राहिली तर ती खोटारडी, न वाचता लिहिणारी, आणि शनिवार गेला, आणि तो चिरका आवाजही गेला. खरं सांगितलं तर लोक विचारणार, शिवलं कुणी? आणि मग मास्तर लिहिणार, ‘बाइंडरनेही आधी वाचावे, मग शिवावे,’ आणि काचेच्या कपाटाखाली सगळ्या मुंग्या हसणार. पोस्ट काढली की सगळं मिटत होतं. तिनं अंगठा नेलाही तिथपर्यंत. पण त्या पोस्टखाली ती माणसं होती ना. माझा भाऊ, माझी आजी, माझा नवरा. त्यांना काय सांगायचं, की उठा, चुकीच्या पानावर बसून रडलात? तिनं अंगठा काढून घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, “नाही काढत जा!” आई आतून म्हणाली, “काय नाही काढत? कपडे? काढ आधी, पाऊण तास झाला दोरीवर आहेत.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट तळघरात गेली, वाटेत काउंटरवरून निळं पुस्तक स्वतःच्या नावावर घेऊन. खोलीत नेहमीचा वास, खळीचा, कापडाचा, जुन्या कागदाचा थोडा सुगंधी थोडा कुबट. दिव्याखाली बाबा एका जाड पुस्तकाचा कणा घासत होते. ती म्हणाली, “बाबा, शेवटचा शब्द म्हणा.” “काय?” “हे घ्या. दुसरा फर्मा. शेवटचा शब्द.” त्यांनी तिच्याकडं पाहिलं, पुस्तकाकडं पाहिलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला. पुस्तक उघडताना त्यांचा अंगठा आपोआप शिवणीवर गेला. “उंबऱ्यावर,” ते म्हणाले. ती पुढचं पान न बघता म्हणाली, “फोन वाजतच राहिला.” टिचकी कोणी मारली नाही. बाबांनी पुढचा जोड पाहिला. मग त्याच्या पुढचा. मग पुस्तक मिटलं आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले, एखाद्याचं तोंड दाबावं तसे. “किती जणांनी नेलं म्हणालो होतो मी?” “सत्तावीस.” “सत्तावीस,” ते म्हणाले. “बत्तीस वर्षांत एक नाही. आणि एक तर सत्तावीस.” “बाबा, फर्मे मी लावले होते. वाऱ्यानं पडले आणि मी लावले. चूक माझी आहे.” “शिवण माझी आहे.” “पण मी सांगितलं ना लावलंय म्हणून!” “तू काय, तू पंधरा वर्षांची. शिवणारा बघतो. शिवणाऱ्यानं बघायचं असतं.” “मग बघितलं का नाहीत?” हे तोंडातून गेलं आणि तिला जीभ चावावीशी वाटली. बाबांनी खळीचं पातेलं उगाचच हलवलं. मग म्हणाले, “एकट्यानं दोन्ही शब्द म्हणायचा कंटाळा आला होता गं.” आणि मग लगेच, नाक ओढून, “आणि तू वाचलंस कसं हे? मधे वाक्यं तुटलेली कळली नाहीत?” “मला वाटलं शैली आहे.” बाबा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांतून काहीतरी सुरू झालं, आधी तिला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते. “शैली! माझ्या चुकीला पहिल्यांदा कोणी शैली म्हटलं. तुझ्या आईनं ऐकलं तर बरं होईल.”

त्यांनी पुस्तक उसवलं. निळं कापड सुटलं, दोरा कापला, चौदा फर्मे टेबलावर पुन्हा सुटे झाले. मग ते तिच्यासमोर बसले, आणि तिला कळलं की ती आत्याच्या स्टुलावर बसलीय. “पहिला. शेवटचा शब्द, खिडकीतून.” “दुसरा. दिसणारा रस्ता.” टिचकी. ती कोणी मारली? तिनंच मारली. “दुसरा. उंबऱ्यावर.” तिनं ढीग चाळला, नऊ, दहा, अकरा या तीन फर्म्यांनी मधेच घुसून बसण्याचा हा सगळा प्रताप होता. ते बाजूला काढून तिनं तिसरा उचलला. “उभी राहून आई म्हणाली, ये, केस विंचरून देते.” शाळेतून आलेल्या लहान मुलीला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. जिवंत आई, साधी, रोजच्यासारखी. टिचकी मारायला तिचं बोट उठलं नाही. पुढं जात गेले तसं एकेक वाक्य आपलं दुसरं अर्धं शोधून त्याच्या गळ्यात पडत होतं; ‘ती धावली नाही,’ याच्यापुढं ‘फोन वाजतच राहिला’ आलं, आणि अकराव्याच्या शेवटी बाबा म्हणाले, “आणि दाराशी,” आणि तिला म्हणावं लागलं, “तिचेच दोन बूट होते.” बाबांनी वर पाहिलं. बाबांनाही तिची पोस्ट पाठ होती. पुस्तक आता बरोबर होतं, आणि चांगलं होतं, हे कबूल करायला ती काही इतकी हट्टी नव्हती. आई आहे, आई नाही, मुलगी रिकाम्या घरात येते, दार ओढून घेते. असं पुस्तक लिहायला धाडस लागतं. पण ती दोन बूट बघत राहिली आणि तिच्या आत काहीतरी ताठ झालं, पाठीचा कणाच असेल, बाबा तोच तर दुरुस्त करतात. हे बरोबर आहे म्हणून ते चूक होत नाही. आत्या काही क्रमानं येत नाही. मास्तरांच्या कपाटात ती बसणार नाही, तिचे केस विस्कटलेले असतात.

बाबा शिवत असताना तिनं तिथंच टेबलाच्या टोकाला बसून लिहिलं. काही सजवलं नाही. ग्रंथालयातल्या निळ्या पुस्तकाचा क्रम चुकला होता; फर्मे मी पाडले आणि मीच लावले; नऊ ते अकरा हे तीन दोनच्या मागं गेले; ‘बूट’ मास्तरांचे बरोबर आहेत; आज पुस्तक नीट शिवलं जातंय. इथं बाबा म्हणाले, “शिवलं कुणी ते लिहिलंस?” “नाही.” “लिही. न बघता शिवलं, असं लिही. माझं नाव चुकीतून वगळायचा तुला अधिकार नाही.” मग तिनं तेही लिहिलं, आणि खाली: ‘पण मी वाचलं होतं. तुटलेल्या वाक्यांसकट वाचलं होतं. ती पोस्ट काढणार नाही. तिच्याखाली माणसं बसली आहेत.’ आणि मास्तरांच्या त्या दोन वाक्यांखाली वेगळं: ‘मास्तर, क्रम तुमचा बरोबर. पण आई परत येते. चाळीस पानं थांबावं लागतं.’ आणि बाईंना: ‘पोस्ट राहणार. शनिवारी मला उभं करायचं की नाही, तुम्ही ठरवा.’ बाबा मधेच उठून वर गेले, ग्रंथपालांना सांगायला. स्वतः सांगायचं असतं म्हणाले. बऱ्याच वेळानं खाली आले ते हसू गालांत दाबून. “काय म्हणाले?” “म्हणाले, सत्तावीस जण वाचून गेले, तक्रार एकाचीही नाही. उलट दोघांनी पुन्हा मागितलंय.” एवढ्यात बाईंचं उत्तर आलं. मोठं काही नव्हतं. ‘ते पुस्तक घेऊन ये.’ तिनं ते बाबांना दाखवलं. ते म्हणाले, “रात्रभर दाबात राहिलं तर शनिवारी सकाळपर्यंत कोरडं होईल.”

शेवटी पुठ्ठा बसवण्याआधी त्यांनी एक कोरा कागद घडी घालून पुस्तकाच्या मागच्या बाजूला जोडला आणि पेन तिच्यापुढं सरकवलं. “हे अस्तराचं पान. हे लेखकाचं नसतं आणि ग्रंथपालाचंही नसतं. हे बाइंडरचं. मी आजवर कधी काही लिहिलेलं नाही.” तिनं दप्तर खाली ठेवलं, बाही वर सारली. नंबर तर कापलेलेच होते, म्हणून तिनं शब्दांनी वाट लिहिली, मोठ्या, वाचता येईल अशा अक्षरांत. ‘हे पुस्तक आधी सरळ वाचा. मग कोणाची फार आठवण आली तर असं वाचा. मुलगी शाळेतून घरी येते तिथं, उंबऱ्यावर थांबा. तिथून थेट फोन वाजतो तिथं जा. पुढं चाळीस पानं कोणी नसेल, तरी वाचत राहा. रिकाम्या खोलीच्या दाराशी आलात की बुटांकडं बघू नका. मागं फिरा, उंबऱ्यावर या. ती उभी असेल.’ खाली तिनं सही केली, वाळवी, आणि शेजारी, थोडं थांबून, बाबांच्या हातात पेन दिलं. त्यांनी सही केली नाही. टेबलावर एक टिचकी मारली, पेन झाकलं, आणि म्हणाले, “शाई वाळू दे. मग मिटू.”